एक पूर आणि दोन हात

कोल्हापूर, ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ५५ फुटांच्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग बंद, गॅस-पेट्रोलला रांगा. पाणी उतरल्यावरच्या रविवारी मी दोन उपासनांना बसलो. सकाळी जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी प्रार्थना केली, ‘प्रभू, तू हे का होऊ दिलंस ते आम्हांला कळत नाही, तरी तुझा हात आमच्यावर आहे.’ संध्याकाळी एका हॉलमधल्या प्रार्थनासभेला गेलो. भिंतीवर चिखलाची रेघ अजून तशीच होती, साधारण माझ्या खांद्याएवढी. तिथे सगळे हात वर करून म्हणत होते, ‘सैताना, येशूच्या नावात आम्ही तुला बांधतो, या शहरावरचा हात काढ!’

पूर एकच, हात दोन. संकट देवाच्या हातचं की सैतानाच्या, हा जुना वाद. दोन्हीकडे शेवट मात्र त्याच प्रभूच्या प्रार्थनेने झाला: ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव.’

वादाचं मूळ या ओळीतच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, मूळ ग्रीकमध्ये इथे जो शब्द आहे त्याचं रूप असं, की ‘वाईट’ ही गोष्टही होते आणि ‘तो दुष्ट’ ही व्यक्तीही. त्याच शुभवर्तमानात पेरणाऱ्याच्या दाखल्यात पेरलेलं वचन हिरावून नेणारा ‘तो दुष्ट’ आहेच. ग्रीक भाषेत विचार करणाऱ्या पूर्वेकडच्या धर्मगुरूंनी प्रार्थनेतही बहुधा व्यक्ती वाचली, लॅटिन पश्चिमेने बहुधा गोष्ट. मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, ‘वाइटापासून’ म्हणतं, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने झुकतं. संध्याकाळच्या सभेतले लोक तीच ओळ म्हणतात, पण ऐकतात वेगळी.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माहून जुना आहे. इस्राएलच्या दाविद राजाने लोकांची शिरगणती केली आणि राष्ट्रावर मरी आली, ही गोष्ट जुन्या करारात दोनदा येते. २ शमुवेलाच्या २४ व्या अध्यायात दाविदाला चिथवतो परमेश्वराचा कोप. तीच हकीगत १ इतिहासाच्या २१ व्या अध्यायात येते तेव्हा चिथवणारा सैतान असतो. इतिहासाचा ग्रंथ यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरचा, पारशी साम्राज्याच्या काळातला. मधल्या काळात कुणाला तरी देवाच्या माथी हे मारणं जड गेलं असावं. इराणच्या प्रकाश-अंधाराच्या द्वंद्वाचा त्यावर किती प्रभाव पडला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इयोबाच्या पुस्तकातला सैतान तर अजून दरबारातलाच माणूस वाटतो. हिब्रूत शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा. तो देवासमोर येतो, परवानगी मागतो, आणि दिलेल्या मर्यादेत छळतो.

नव्या करारात चित्र पालटतं. ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ ही येशूची घोषणा, आणि योहानाच्या शुभवर्तमानात सैतानाला पदवी ‘ह्या जगाचा अधिकारी’. येशूच्या अरण्यातल्या परीक्षेत सैतान त्याला जगातली राज्यं दाखवून म्हणतो, हा अधिकार माझ्याकडे सोपवलेला आहे, पाहिजे त्याला मी देतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक हे लिहितो आणि पुढे जातो. सोपवला कुणी, हे सांगत नाही. पुढची दोन हजार वर्षं भांडण या मोकळ्या जागेवर चाललंय.

कोल्हापूरकराला यात अवघड वाटू नये. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गडांवरच्या शिबंदीच्या, बंडानंतर इथला कारभार ब्रिटिश पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या हाती गेला. गादीवर छत्रपती बाबासाहेब महाराज होतेच. राज्य कुणाचं आणि हुकूम कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात हे रस्त्यावरचा माणूसही जाणून होता. अशा शहरात १८५२ साली रॉयल गुल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले आणि ‘तुझे राज्य येवो’ शिकवू लागले. ऐकणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

वाइल्डर जी शिदोरी घेऊन आले तिच्या मागे मोठी वाट होती. सुरुवातीच्या शतकांत बऱ्याच जणांना वाटे, पापामुळे माणूस सैतानाकडे गहाण पडला आणि ख्रिस्ताने खंडणी भरून सोडवला. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने तर गळाचीच उपमा दिली: मानवी देह हे आमिष, आत देवत्वाचा गळ, सैतानाने गिळला आणि अडकला. रंकाळ्यावर गळ टाकून बसणाऱ्याला ती लगेच पटेल. देवाने फसवाफसवी करावी का, हा प्रश्न मात्र उरतो. अकराव्या शतकाच्या शेवटी धर्मपंडित अँसेल्मने हिशेबाची वहीच मिटवली: सैतानाचा माणसावर हक्क कधी नव्हताच, तर खंडणी कसली? देणं होतं ते देवाचं.

त्याच्या कितीतरी आधी लॅटिन पश्चिमेचा धर्माचार्य ऑगस्टीन. तरुणपणी नऊएक वर्षं तो मानीच्या पंथात होता. तिथे प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वं, कायमची झुंजणारी. ते सोडल्यावर त्याने उलट टोक धरलं: वाईट ही वस्तूच नाही, चांगल्याची उणीव आहे. कापडाला पडलेल्या भोकासारखी. कापड आहे म्हणून भोक आहे. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं, जुन्या दैवतांना सोडल्याची ही शिक्षा अशी ओरड झाली, तेव्हा देवाचं नगर आणि पृथ्वीवरचं नगर शेवटापर्यंत एकमेकांत मिसळलेली राहणार, असं उत्तर त्याने दिलं. भोकाची कल्पना मला बुद्धीला पटते, पण चिखलाने भरलेल्या घरात उभं राहून कुणाला सांगता येईल असं वाटत नाही.

सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन ऑगस्टीनच्याच वाटेने चालला आणि आणखी कडक झाला. सैतान देवाच्या लगामात आहे, त्याच्या इच्छेवाचून पाऊल टाकत नाही. हीच शिकवण १६४७ च्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत आहे. एकूण १०७ प्रश्न. १०२ वा ‘तुझे राज्य येवो’चा अर्थ विचारतो, आणि उत्तराची सुरुवातच अशी, की सैतानाचं राज्य नष्ट व्हावं म्हणून आपण प्रार्थना करतो. म्हणजे सगळं देवाच्या हाती मानणाऱ्या परंपरेनेही सैतानाला ‘राज्य’ दिलं होतं. १८७० मध्ये वाइल्डरांचं काम अमेरिकेच्या, कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं आणि कोल्हापूरची मंडळी या घरातली झाली. सकाळच्या पाळकांची प्रार्थना तिथून येते.

शब्दांचीही एक कथा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं. त्यात सैतानासाठी ‘देवचार’ येतो. तळकोकणात आणि गोव्यात देवचार म्हणजे गावाचा राखणदार, रात्री वाट दाखवणारा. घाटाखाली लोक ज्याला नारळ देतात तोच ओव्यांत नरकाचा धनी झाला! घाटावर ‘सैतान’ रुळला, तो अरबी-फारसीच्या वाटेने, आणि हिब्रू मुळाशी त्याचं नातं आहेच. आमच्या शहराची गोष्ट तर निराळीच. कोल्हासुराला अंबाबाईने मारलं, मरताना त्याने क्षेत्राला आपलं नाव मागितलं, देवीने दिलं. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर अजून कोहळा फोडतात. हरलेल्याचं नाव शहर मिरवतं, आणि दरवर्षी त्याला पुन्हा हरवतंही.

ख्रिस्ती विचारात याच्या जवळ जाणारी मांडणी धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमन यांनी १९४६ मध्ये केली. निर्णायक लढाई जिंकली आहे, युद्ध अजून संपलेलं नाही. महायुद्ध नुकतं पाहिलेल्या युरोपला हे सांगावं लागलं नाही. त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी, १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाला लिस्बनचा भूकंप झाला, भरल्या चर्चवर छतं कोसळली, आणि ‘देवाने होऊ दिलं’ या उत्तरावरचा युरोपातल्या अनेक सुशिक्षितांचा विश्वास तेव्हापासून उडाला.

संध्याकाळच्या सभेची वंशावळ जवळची आहे. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनांतून जागृती झाली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अझुसा स्ट्रीटची. पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ अशी एकाच वेळी अनेक ठिकाणी उगवली, त्यातलं एक ठिकाण आपल्या दौंड तालुक्यातलं. आजार, दारू, कर्ज, करणी, सगळ्यामागे शत्रू पाहणं आणि त्याला नाव घेऊन हाकलणं, ही तिची भाषा. जुने लोक तिला नाकं मुरडतात. मला वाटतं, ती योहानाच्या ‘अधिकाऱ्या’ला शब्दशः घेते, एवढंच. तिचा धोका वेगळा आहे: सगळं सैतानाने केलं म्हटलं की पूररेषेतली बांधकामं कुणी केली, हे विचारायचं राहून जातं. ‘देवाची इच्छा’ म्हटल्यावरही ते राहूनच जातं, म्हणा.

त्या रविवारी दोन्हीकडे शेवटची ओळ एकच होती: ‘राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत.’ मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही. उपासनेत म्हणता म्हणता ती नंतर आत आली. मराठी शास्त्रात म्हणून ती कंसात छापतात. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळेला लोकांचा आवाज सगळ्यात मोठा झाला तो याच ओळीला.