मिशिगनमध्ये गव्हर्नर व्हायचं तर आधी रोजगाराचं बोला

ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, निवडणूक झाली. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, सरकार चालवणारा आणि लोकांनी थेट निवडून दिलेला. रिंगणातले एक उमेदवार होते श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, बालपण बेळगावात गेलेलं, पुढे अमेरिकेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा उभारून उद्योजक झालेले. स्वतःचे जवळपास एक कोटी डॉलर त्यांनी प्रचारात ओतले. मी धंदा उभा केलाय, लोकांना नोकऱ्या दिल्यात, राज्यासाठीही तेच करेन, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. साधारण अठरा टक्के मतं मिळवून ते तिसरे आले आणि उमेदवारी ग्रेचन व्हिटमर यांना मिळाली. डेट्रॉइट शहरात मात्र सर्वाधिक मतं ठाणेदारांना पडली होती.

मराठी वाचकांना ही कहाणी एका माणसाच्या जिद्दीची वाटते आणि ती तशी आहेच. पण त्या प्रचाराची भाषा त्यांची एकट्याची नव्हती. मिशिगनमध्ये कोणत्याही पक्षाचा उमेदवार गेली कित्येक दशकं नोकऱ्यांपासूनच सुरुवात करतो. हे असं का झालं, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या दिला. दोनच दिवसांनी, १ जानेवारीला, फ्रँक मर्फी गव्हर्नर झाले. कारखाना रिकामा करून द्या, असा कंपनीचा आग्रह होता. मर्फींनी नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव दलाचे सैनिक पाठवले खरे, पण कामगारांना बाहेर काढण्यासाठी त्यांचा वापर करायला नकार दिला. ११ फेब्रुवारी १९३७ ला कंपनीने युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेशी करार केला. मोटार कामगाराला मध्यमवर्गात नेणारा रस्ता तिथून सुरू झाला. पुढच्या वर्षी मर्फी हरले. मात्र कंपनी आणि कामगार यांच्यात राज्याचा प्रमुख कुठे उभा राहतो, याकडे लोकांचं लक्ष राहिलं ते कायमचंच.

युद्धानंतरचा काळ भरभराटीचा गेला. १९६२ मध्ये तर अमेरिकन मोटर्स या कंपनीचे प्रमुख जॉर्ज रॉम्नी थेट गव्हर्नर म्हणून निवडून आले. धंदा सांभाळणारा माणूस राज्यही सांभाळेल, ही कल्पना तेव्हापासून तिथे रुजलेली आहे.

मग सत्तरच्या दशकात तेल महागलं, जपानी गाड्या आल्या, क्रायस्लर बुडायला टेकली. राज्य किती घायकुतीला आलं होतं, ते डेट्रॉइटमधल्या पोलटाउनच्या गोष्टीत दिसतं. ही पोलिश स्थलांतरितांची जुनी वस्ती. जनरल मोटर्सला नव्या कारखान्यासाठी जागा हवी होती आणि त्या बदल्यात सहा हजार नोकऱ्यांचं आश्वासन होतं. डेट्रॉइट शहराने सक्तीचं भूसंपादन केलं. एक हजारांहून जास्त घरं, शंभराहून अधिक दुकानं-व्यवसाय आणि अनेक चर्चेस पाडण्यात आली. सुमारे चार हजार माणसं हलवली गेली. एका चर्चमध्ये रहिवासी अखेरपर्यंत ठाण मांडून बसले होते. जुलै १९८१ मध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं आणि इमारत जमीनदोस्त झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे संपादन वैध ठरवलं आणि २००४ मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तोवर वस्ती उठून दोन दशकं लोटली होती. नोकऱ्यांच्या नावाखाली एका जित्याजागत्या मोहल्ल्याची अर्थव्यवस्था पुसली जाते, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत बोचणारं प्रकरण वाटतं.

१९८२ च्या निवडणुकीत बेरोजगारी सोळा टक्क्यांच्या वर होती. जेम्स ब्लँचर्ड निवडून आले. क्रायस्लरला १९७९ मध्ये मिळालेल्या केंद्राच्या कर्जहमीसाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, ते झटले होते आणि तीच त्यांची पुंजी होती. पण तिजोरी रिकामी निघाली. त्यांनी आयकर ४.६ टक्क्यांवरून ६.३५ टक्क्यांवर नेला. लोक इतके खवळले, की १९८३ मध्ये राज्याच्या सिनेटमधल्या त्यांच्या पक्षाच्या दोन सदस्यांना मतदारांनी मुदतीपूर्वीच घरी बसवलं आणि सिनेटमधलं बहुमत गेलं. नोकऱ्या हव्यात, त्यासाठी राज्याकडे पैसाही हवा, पण कर वाढायला नको. हा पेच पुढच्या प्रत्येक गव्हर्नरच्या वाट्याला आला. (योगायोग असा, की १९८२ च्या याच मंदीत डॉक्टरेट संपवून ठाणेदार पुढच्या संशोधनासाठी मिशिगन विद्यापीठात दाखल झाले होते.)

१९९० मध्ये जॉन एंगलर यांनी ब्लँचर्डना अवघ्या साडेसतरा हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. त्यांनी करसवलती देऊन कंपन्या टिकवायचं धोरण आणलं. त्या सवलतींचं अब्जावधी डॉलरचं ओझं राज्य पुढची कितीतरी वर्षं वाहत राहिलं.

सवलतींची ताकद कुठे संपते, ते ग्रीनव्हिलमध्ये कळलं. सुमारे आठ हजार वस्तीचं हे गाव, आणि तिथल्या इलेक्ट्रोलक्सच्या फ्रिजच्या कारखान्यात २,७०० नोकऱ्या. २००४ च्या सुरुवातीला कंपनीने कारखाना मेक्सिकोला न्यायचं जाहीर केलं. गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम कामगार संघटनेला आणि गावकऱ्यांना घेऊन कंपनीसमोर बसल्या. वीस वर्षं करमाफी, नवा कारखाना बांधून देण्यात मदत, कामगारांनी सोडलेले हक्क, जे जे देता येईल ते सगळं मांडलं. ग्रॅनहोम यांनी पुढे जाहीर भाषणात सांगितलंय, की व्यवस्थापन सतरा मिनिटं बाहेर गेलं आणि परत येऊन म्हणालं, मेक्सिकोतल्या हुआरेझमध्ये आम्हाला ताशी १.५७ डॉलरमध्ये माणूस मिळतो, त्याची भरपाई तुम्ही करूच शकत नाही. २००६ मध्ये कारखाना बंद झाला. गावात मग सौरपत्रे बनवणारी युनायटेड सोलर ओव्होनिक आली, नव्या ऊर्जेच्या आशेने तिचं स्वागत झालं आणि २०१२ मध्ये तिनेही दिवाळखोरी जाहीर केली. फ्रिज गेले, सौरपत्रेही गेले. किराणा दुकानदार, न्हावी, शाळा यांनी दोनदा मार खाल्ला.

त्याच २००६ मध्ये ग्रॅनहोम यांच्यासमोर अ‍ॅमवे घराण्यातले डिक डेव्होस उभे होते. त्यांचाही मुद्दा एकच, मी उद्योजक आहे, नोकऱ्या आणीन. ग्रॅनहोम यांनी उलट विचारलं, तुमच्या कंपनीने मिशिगनमधल्या नोकऱ्या कमी करून चीनमध्ये गुंतवणूक का केली? त्या सहज जिंकल्या. राज्य मात्र घसरतच राहिलं. २००० ते २०१० या दशकात लोकसंख्या घटलेलं मिशिगन हे देशातलं एकमेव राज्य होतं. कारखान्यांतल्या नोकऱ्या जवळपास निम्म्यावर आल्या. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्ही दिवाळखोरीत गेल्या आणि वाचल्या त्या वॉशिंग्टनच्या पैशावर. राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला बसलेल्या गव्हर्नरच्या हातात किती थोडं असतं, ते तेव्हा उघड झालं.

तरीही २०१० मध्ये लोकांनी पुन्हा एक उद्योजकच निवडला. रिक स्नायडर गेटवे या संगणक कंपनीचे माजी प्रमुख. त्यांनी धंद्यावरचा कर हलका केला आणि निवृत्तिवेतनावर कर बसवला. अडचणीतल्या शहरांवर राज्याने नेमलेले प्रशासक बसवण्याचा सपाटा लावला. २०१३ मध्ये डेट्रॉइट दिवाळखोरीत गेलं. फ्लिंटमध्ये एप्रिल २०१४ ला खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी नळाला सोडलं गेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी नाकारलं, कारण यंत्रभाग गंजत होते. कारखान्याला दुसरं पाणी मिळालं. शहरातली माणसं आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०१५ पर्यंत, तेच शिसं मिसळलेलं पाणी पीत राहिली. ठिय्या आंदोलन झालं ते हेच शहर. धंद्यासारखं राज्य चालवू म्हणणाऱ्यांना हा प्रश्न विचारायलाच हवा, की लोखंडाची काळजी लगेच कळली, मग पोरांची का कळली नाही?

२०१८ ची निवडणूक या सावलीत झाली. व्हिटमर यांनी रस्ते दुरुस्त करू, हे घोषवाक्य केलं आणि त्या जिंकल्या. रस्ते, पाणी, शाळा ही गव्हर्नरच्या आवाक्यातली कामं आहेत, म्हणून मला ते घोषवाक्य प्रामाणिक वाटतं. पण तेही सोपं नव्हतं. गॅलनमागे ४५ सेंट इंधनकराचा त्यांचा प्रस्ताव विधिमंडळात अडला आणि शेवटी साडेतीन अब्ज डॉलरचे रोखे काढावे लागले. निवडून आल्यावर तीनच आठवड्यांत जनरल मोटर्सने जाहीर केलं, की पोलटाउनच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कारखान्यात पुढे काम राहणार नाही. नंतर विजेच्या गाड्यांसाठी तो वाचला.

त्यानंतर बॅटरीचे कारखाने आणण्यासाठी राज्याने मोठा निधी उभारला. मार्शल इथे फोर्डचा प्रकल्प आला, पण ठरल्यापेक्षा लहान झाला. बिग रॅपिड्सजवळ चिनी मूळ कंपनी असलेल्या गोशन कंपनीचा, दोन हजारांहून जास्त नोकऱ्यांचा प्रकल्प ठरला होता. शेतजमीन, पाणी आणि चीनशी असलेला संबंध यांवरून गावात इतकं रान उठलं, की नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रीन चार्टर टाउनशिप या ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेच्या मतदारांनी प्रकल्पाला पाठिंबा देणाऱ्या स्थानिक मंडळाचे पाच सदस्य मतदानाने खाली खेचले.

व्हिटमर यांना तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, त्यामुळे २०२६ ची निवडणूक खुली आहे. डेट्रॉइटचे माजी महापौर माइक डगन यांनी त्यासाठी पक्ष सोडून अपक्ष म्हणून रिंगणात उतरायचं ठरवलं. यावेळी उमेदवारांना नोकऱ्या कुठून आणणार, एवढंच सांगून भागणार नाही. कोणत्या अटींवर, कोणाच्या पाण्यावर आणि कोणाच्या जमिनीवर, हेही टाउनशिपच्या सभांमध्ये उभं राहून सांगावं लागणार आहे.