‘टच ऑफ ईव्हिल’ कोणत्या प्रतीत पाहायचा? वादाची पार्श्वभूमी

नॉयर पटांची, म्हणजे काळोख्या वातावरणातल्या गुन्हेगारी चित्रपटांची लाट ओसरत असताना, १९५८ मध्ये ऑर्सन वेल्स दिग्दर्शित ‘टच ऑफ ईव्हिल’ प्रदर्शित झाला. गोष्ट अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या गावातली, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत त्या काळी. स्टुडिओने हा त्यातला दुय्यम म्हणून लावला.

त्याआधीच, १९५७ मध्ये, संकलन वेल्सच्या हातून काढून घेतलं होतं. काही प्रसंग दुसऱ्याच दिग्दर्शकाकडून चित्रित करून घेतले गेले. तयार झालेली प्रत पाहून वेल्सने डिसेंबरात ५८ पानांचं टिपण लिहिलं. त्यातल्या मोजक्याच सूचना मानल्या गेल्या.

सगळ्यात जास्त नुकसान झालं ते पहिल्या शॉटचं. एक हात बॉम्बचं घड्याळ लावतो, सावली भिंतीवरून पळते, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो. एक जोडपं येऊन गाडीत बसतं. कॅमेरा छपरांवरून वर जातो, खाली येतो, गाडी गर्दीतून वाट काढत नाक्यावर पोचते, गाडीतली बाई डोक्यात टिकटिक ऐकू येते म्हणून कुरकुरते. सव्वातीन मिनिटांहून अधिक वेळ, एकही कट नाही. स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली चढवली आणि खाली जोरकस संगीत टाकलं. संगीत उत्तम आहे, पण नावं वाचताना बॉम्बावरची नजर हटते. टिपणातली मागणी साधी होती: रस्त्यावरच्या क्लबांचं संगीत जवळ येत-लांब जात ऐकू द्या.

१९७० च्या दशकात १०८ मिनिटांची प्रत सापडली. लांबी जास्त म्हणून तीच वेल्सच्या मनातली प्रत, असं मानलं गेलं. प्रत्यक्षात तिच्यात दुसऱ्या दिग्दर्शकाचे प्रसंगही जास्त होते.

१९९८ मध्ये टिपण समोर ठेवून पुनर्संपादन झालं. नावं शेवटी गेली, पहिल्या शॉटला रस्त्याचे आवाज मिळाले, नायकाचं आणि त्याच्या बायकोचं अशी दोन कथानकं आलटून पालटून आली. आक्षेप असा की वेल्स १९८५ मध्येच वारला होता, आणि टिपणात त्याने स्टुडिओ मान्य करील तेवढंच मागितलं होतं. आक्षेप खरा आहे. तरीही पहिल्यांदा पाहणाऱ्याने हीच प्रत निवडावी, कारण यात तो शॉट अखेर मोकळा दिसतो. १९५८ ची प्रत नंतर, संगीतासाठी जरूर पाहावी.