२८ फेब्रुवारी की ११ मे? विज्ञान दिन आणि तंत्रज्ञान दिन

दरवर्षी मे महिन्यात, आमरस ऐन भरात असताना, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काका 'राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' पाठवतात. सोबत अब्दुल कलामांचा हसरा फोटो. फेब्रुवारीच्या शेवटी तेच काका तोच फोटो आणि त्याच शुभेच्छा पाठवतात. म्हणजे मेमध्ये फोटो बरोबर आणि मजकूर चूक, फेब्रुवारीत मजकूर बरोबर आणि फोटो चूक. वर्षाची सरासरी काढली तर काका निम्मे पास.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि ११ मे हा राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन. दोन्ही राष्ट्रीय, दोन्ही सरकारने ठरवलेले, दोन्हींना दरवर्षी दिल्लीहून एक 'थीम' येते आणि दोन्हीकडे दीपप्रज्वलन असतं. पण ज्या दोन घटनांवरून हे दिवस ठरले त्या स्वभावाने इतक्या उलट आहेत, की एकदा कळल्या की घोटाळा होऊ नये.

आधी फेब्रुवारी. शाळेच्या फळ्यावर हमखास दिसणारी चूक म्हणजे 'सर सी. व्ही. रामन यांची जयंती'. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. २८ फेब्रुवारीला त्यांची जयंती नाही आणि पुण्यतिथीही नाही. आपल्याकडे बहुतेक 'दिन' कुणाच्या तरी जन्मावर किंवा मृत्यूवर बेतलेले असतात, त्यामुळे हा गैरसमज होणारच. त्यात आदल्या दिवशी, २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन. तो फलक पुसून त्याच जागी दुसरा लिहिताना 'जयंती' हा शब्द फळ्यावर तसाच राहून जात असावा.

२८ फेब्रुवारी १९२८ ला रामन यांना एक गोष्ट दिसली. जागा कोलकात्याच्या बहुबाजार रस्त्यावरची, डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. रामन मुळात अर्थखात्यातले अधिकारी. कचेरीच्या आधी आणि नंतर या प्रयोगशाळेत येऊन काम करायचे, पुढे १९१७ मध्ये नोकरी सोडून विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांच्या डोक्यात प्रश्न शिरला: हा निळेपणा आकाशाचं प्रतिबिंब आहे, की पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं? या प्रश्नामागे सात वर्षं गेली. द्रवांमधून प्रकाश सोडायचा आणि बाजूने विखुरलेला उजेड तपासायचा. बहुतेक उजेड ज्या रंगाचा आत जातो त्याच रंगाचा बाहेर येतो. पण अगदी थोडा, साधारण कोटीत एखादा प्रकाशकण, रेणूशी ऊर्जेची देवाणघेवाण करून वेगळ्या रंगाचा होऊन येतो. हा क्षीण उजेड त्या गटाला आधीपासून जाणवत होता. २८ फेब्रुवारीला रामन यांनी तो छोट्या स्पेक्ट्रोस्कोपमधून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला आणि बदललेला रंग मूळ रंगापासून वेगळा पडलेला दिसला. सोबतीला के. एस. कृष्णन होते. शाळेतल्या भाषणांत त्यांचं नाव क्वचितच येतं, आणि प्रयोगांचा मोठा भार त्यांनी उचलला होता.

यापुढचा भाग मला शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच दिवशी, २९ फेब्रुवारीला (लीप वर्ष होतं), बातमी वृत्तसंस्थेकडे गेली. १६ मार्चला रामन यांनी बंगळुरात त्यावर जाहीर व्याख्यान दिलं आणि मार्च संपायच्या आत 'नेचर'मध्ये टिपण छापून आलं. ही घाई कामी आली. त्याच आठवड्यांत मॉस्कोमध्ये लांड्सबेर्ग आणि मांडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच, आपण ज्याला 'रामन परिणाम' म्हणतो तो, परिणाम दिसला होता, पण त्यांचं लेखन नंतर प्रसिद्ध झालं. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. रशियन पाठ्यपुस्तकांत या परिणामाला आजही वेगळं नाव आहे, ते उगाच नाही. म्हणून २८ फेब्रुवारी हा जितका पाहण्याचा दिवस आहे, तितकाच ते लगेच सांगण्याचाही.

गंमत म्हणजे तो 'दिन' झालाही सांगणाऱ्यांच्या आग्रहाने. लोकांपर्यंत विज्ञान पोचवणं हेच काम असलेल्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संवाद परिषदेने १९८६ मध्ये सरकारकडे तशी मागणी केली आणि १९८७ पासून तो साजरा होऊ लागला.

आता मे. ११ मे १९९८, दुपारी पावणेचार, राजस्थानातलं पोखरण. जमिनीखाली एकाच वेळी तीन अणुचाचण्या, आणि १३ मेला आणखी दोन. इथे सगळी मेहनत कुणाला काही कळू नये यासाठी होती. अमेरिकी उपग्रह वरून नजर ठेवून असतात म्हणून खणकाम रात्री चालायचं आणि सकाळ व्हायच्या आत यंत्रं जागच्या जागी परत जायची. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत, टोपणनावांनी बोलत. कलाम तिथे 'मेजर जनरल पृथ्वीराज' होते. विवरांनाही नावं होती: व्हाइट हाउस, ताजमहाल आणि कुंभकर्ण. शेवटचं ज्याने सुचवलं त्याला विनोदबुद्धी होती, कारण कुंभकर्ण सगळ्यांत लहान स्फोटाच्या वाट्याला आला. मुंबईच्या तुर्भ्यातल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा यात मोठा वाटा होता. तेव्हाचे संचालक अनिल काकोडकर, तर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आर. चिदंबरम. स्फोट झाल्यावर, त्या संध्याकाळी पंतप्रधान वाजपेयींनी पत्रकारांना सांगितलं, तेव्हा जगाला कळलं. पुढच्याच वर्षी, १९९९ पासून, ही तारीख राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन झाली.

अणुचाचणीच्या जोडीने त्या दिवसाच्या आणखी दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. बंगळुरात 'हंसा-३' या छोट्या प्रशिक्षण विमानाचं उड्डाण आणि 'त्रिशूल' क्षेपणास्त्राची चाचणी. यातल्या हंसाला अनेक ठिकाणी 'भारतात बनलेलं पहिलं विमान' म्हटलेलं असतं, तेवढं मात्र गाळून वाचावं. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं एचटी-२ हे विमान १९५१ मध्येच उडालं होतं आणि मरुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये. त्रिशूलचा प्रकल्प पुढे २००८ मध्ये गुंडाळला गेला. भाषणांत हे येत नाही.

मग या दोन दिवसांत लोक कुठे असतात? याचं उत्तर बरंचसं शाळेच्या वेळापत्रकात आहे. फेब्रुवारीअखेर शाळा भरलेल्या असतात, वार्षिक परीक्षा जवळ असली तरी एखादा दिवस निघतो. म्हणून विज्ञान दिन मुलांचा झाला. रांगोळीत अणू, थर्माकोलची सौरमाला, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी. आणि एरवी बंद असणारी फाटकं उघडतात. जुन्नर तालुक्यात खोडदजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, या सुमारास लोकांना पाहता येते. आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन तिथे येतात. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकणाऱ्या त्या जागेला खिशातला मोबाइल म्हणजे देवळात लावलेला डीजे. तरीही त्या गर्दीसाठी दारं उघडतात याचं मला कौतुक आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतही विज्ञान दिनाला रांगा लागत आल्या आहेत. बाहेर उसाचा रस, आत कृष्णविवरं.

११ मेला मात्र महाराष्ट्रातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी. विदर्भात तर जूनअखेरीपर्यंत. मुलं मामाच्या गावाला. त्यामुळे तंत्रज्ञान दिन आपोआप मोठ्यांचा झाला: प्रयोगशाळा, अभियांत्रिकी महाविद्यालयं, सभागृह, शाल-श्रीफळ. देशी तंत्रज्ञान बाजारात उतरवणाऱ्या उद्योगांना तंत्रज्ञान विकास मंडळाचे राष्ट्रीय पुरस्कार असतात, तेही याच दिवसाशी जोडलेले. ही कमी प्रतीची गोष्ट नाही. प्रयोगशाळेतली वस्तू कारखान्यातून हजारोंनी काढणं हे शोध लावण्याइतकंच किचकट आहे, आणि त्या कामाला टाळ्या कमी मिळतात. पण बघायला जावं असं त्यात फारसं काही नसतं, हेही खरं. उत्सव म्हणून तुलना केली तर फेब्रुवारी सरळ जिंकतो.

घोटाळ्यात भर सरकारही घालतं. २०२४ च्या विज्ञान दिनाची थीम होती विकसित भारतासाठी स्वदेशी तंत्रज्ञान. आणि २०२३ च्या तंत्रज्ञान दिनाची थीम शाळेपासून स्टार्टअपपर्यंत, ऐन सुट्टीत. विज्ञानाच्या दिवशी तंत्रज्ञान, तंत्रज्ञानाच्या दिवशी रिकाम्या शाळा. काकांनी दोन्ही दिवसांना एकच फोटो आणि एकच मजकूर पाठवला तर त्यांचं काय चुकलं?

बाकीचे चटकन: २२ डिसेंबर हा रामानुजन यांच्या जन्मदिनाचा राष्ट्रीय गणित दिन, २३ ऑगस्ट हा चांद्रयान-३ उतरल्याचा राष्ट्रीय अंतराळ दिन आणि १० नोव्हेंबरचा जागतिक विज्ञान दिन युनेस्कोचा. यांची गल्लत सहसा होत नाही, कारण नावातच सगळं आहे. गणित दिन तेवढा खरोखरच जयंती आहे.

सीमारेषा मात्र जमिनीवर पुसट आहे. रामन यांचा तो कोटीत एक प्रकाशकण आज औषधांची शुद्धता आणि रत्नांचा खरेखोटेपणा तपासणाऱ्या यंत्रांत बसला आहे. उलट दिशेचं उदाहरण आपल्या हिंगोलीतलं. औंढा नागनाथजवळ उभ्या राहायच्या लायगो-इंडियाला दोन भुजा असतील, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आणि काम असेल दूर कुठेतरी कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याने उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्याचं. याहून निखळ विज्ञान शोधून सापडणार नाही. पण तिची पायाभरणी पंतप्रधानांनी दिल्लीतून केली ती ११ मे २०२३ ला, तंत्रज्ञान दिनी. वेधशाळा चालू झाली की लोकांसाठी तिचं फाटक कुठल्या दिवशी उघडेल? माझा अंदाज २८ फेब्रुवारी. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या उन्हात चार किलोमीटरची भुजा पाहायला कोण उभं राहणार?