दह्याचा काय दोष?

पळायला लागून तिसरा आठवडा होता. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. मैदानावर रोज भेटणाऱ्या काकांनी निदान केलं, "लॅक्टिक ॲसिड साचलंय. आणि दही बंद करा काही दिवस, त्यात तेच असतं."

दह्यात ते असतं, हे खरं. स्वीडनच्या शील या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातूनच वेगळं केलं. पण जोरात पळून थांबलं की रक्तातलं लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) तासाभरात जवळपास मूळ पातळीवर येतं, आणि पाय सर्वांत जास्त दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. चोर गाव सोडून गेल्यावर दोन दिवसांनी चोरी झाली, तरी आळ त्याच्यावरच, असं म्हणण्यासारखं आहे हे. दुखण्याचं मूळ असतं सवय नसलेल्या ताणाने स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांमध्ये. 'ॲसिड बाहेर काढणाऱ्या' मालिशवर पैसे घालवायचे तर मालिश सुखावते म्हणून घालवा.

हा आळ आला बेडकांमुळे. स्नायूंवर काम करणाऱ्या हिल आणि मायरहोफ या शास्त्रज्ञांना १९२२ चं नोबेल मिळालं, त्या काळातल्या प्रयोगांत बेडकाच्या पायाचा कापून काढलेला स्नायू विजेच्या झटक्यांनी आकुंचन पावायला लावत. तो थकत जाई, लॅक्टिक ॲसिड वाढत जाई. पण त्या स्नायूत रक्त फिरतच नव्हतं. लॅक्टेट जाणार कुठे?

जिवंत पायात ते जातं, आणि माझ्या मते शरीरातला हा सर्वांत देखणा व्यवहार आहे. स्नायूपेशी ग्लुकोज फोडते तेव्हा त्याचे पायरुवेटचे दोन रेणू होतात आणि थोडी ऊर्जा, म्हणजे एटीपी, हाती लागते. या कामात एनएडी नावाचा एक हमाल लागतो. तो इलेक्ट्रॉन उचलतो, पण ओझं उतरवल्याशिवाय त्याला दुसरी खेप घेता येत नाही. सावकाश पळताना तो ते मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांच्या, दारात उतरवतो. वेग वाढला की दारात रांग लागते. मग ओझं पायरुवेटच्याच डोक्यावर दिलं जातं. त्याचं लॅक्टेट होतं, हमाल मोकळा होतो आणि ग्लुकोज फुटत राहतं. म्हणजे लॅक्टेट तयार होतं म्हणून तर आपण आणखी थोडा वेळ जोरात पळू शकतो. पुढे हे लॅक्टेट पेशीबाहेर पडतं. शेजारचे संथ तंतू ते उचलतात, हृदय उचलतं, त्याचं पुन्हा पायरुवेट करून मायटोकाँड्रियात जाळतात. उरलेल्यातलं काही यकृताकडे जातं आणि तिथे पुन्हा ग्लुकोज बनतं. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स १९८० च्या दशकापासून हेच सांगत आलेत: लॅक्टेट हे इंधन आहे.

आता वेगाकडे येऊ. लॅक्टेट जितकं तयार होतं तितकंच वापरलं जातं, तोवर वेग टिकतो. तयार होणं वरचढ झालं की थोड्याच वेळात थांबावं लागतं. ही सीमा वर सरकवायची तर मायटोकाँड्रिया वाढवायचे. ते वाढतात, हे संशोधक जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये दाखवलं. काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलेल्या उंदरांच्या पायाच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली होती.

नवशिक्याची गडबड इथेच होते. हातात अर्धाच तास, म्हणून रोज जीव खाऊन पळायचं. असं पळणं सावकाश नसतं आणि खरं जोरातही नसतं. दमतो मात्र पुरेपूर, आणि चौथ्या दिवशी नडगी धरून बसतो, कारण हाडं आणि स्नायूबंध हृदयापेक्षा फार हळू तयार होतात. त्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस घ्या. दोन दिवस बोलता येईल इतपतच पळा, मध्ये चालावं लागलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं सावकाश पळून अंग गरम करा. मग एक मिनिट जोरात, दोन मिनिटं चाल, असं पाच-सहा वेळा. अशा छोट्या झटक्यांनीही मायटोकाँड्रिया वाढतात, वेळ नसणाऱ्यांची सोय ती हीच. (हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) महागडे बूट आणि मनगटावरचं घड्याळ यांचा नंबर बराच मागे. घड्याळ 'व्हीओटू मॅक्स' (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) म्हणून जो आकडा दाखवतं, तो मोजलेला नसतो, अंदाज असतो.

सावकाश म्हणजे किती, हे कळायला मी पाढे म्हणतो. सतराचा. 'सतरा चोक अडुसष्ट' एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर. 'सतरा चोक' नंतर श्वास घ्यावा लागला की हळू व्हायचं. पहिल्या महिन्यात मी इतका हळू पळत होतो की भरभर चालणारे काका मला मागे टाकून जायचे, जाताना विचारायचे, "दही सोडलं ना?" मी मान हलवायचो, पाढा तुटू नये म्हणून.