प्रदूषणजन्य फ्लॅशओव्हर

उघड्यावरच्या उच्चदाब इन्सुलेटरवर, म्हणजे विजेची तार मनोऱ्यापासून अलग ठेवणाऱ्या आधारावर, साचलेला मळ ओलावला की त्यातून वीज वाहू लागते. मग पृष्ठभागावर पेटलेली ठिणगी लांबत जाऊन तारेकडचे टोक थेट मनोऱ्याकडच्या टोकाला जोडते. या घटनेला प्रदूषणजन्य फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यासाठी वीज कोसळावी लागत नाही, रोजचा व्होल्टेज पुरतो. चिनी माती किंवा काच आतून धडधाकट असते. दगा देतो तो पृष्ठभाग.

समुद्री मीठ, सिमेंटची धूळ, कोळशाची राख, खतांचे कण, पक्ष्यांची विष्ठा असा हा मळ कोरडा असेपर्यंत सहसा निरुपद्रवी असतो. मुसळधार पाऊस तर तो धुऊनच काढतो. खरा घात करतात धुके, दव आणि भुरभुर पाऊस, कारण त्यांनी मीठ विरघळते पण वाहून जात नाही. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली इन्सुलेटर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि पहाटे त्यावर दव धरते. वाळवंटातल्या वाहिन्याही म्हणूनच ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात.

ओल्या थरातून गळती प्रवाह वाहतो आणि थर तापतो. इन्सुलेटर बहुधा डिस्कची, म्हणजे चकत्यांची, माळ असतो. डिस्कच्या पिनजवळ, म्हणजे तिच्या खालच्या धातूच्या दांडीजवळ, घेर लहान, त्यामुळे तिथे प्रवाह दाटतो आणि तो भाग आधी सुकतो. या सुक्या पट्ट्यावर जवळजवळ सगळा व्होल्टेज एकवटतो, तिथली हवा फुटते आणि ठिणगी पट्टा ओलांडते. मनोऱ्याखाली रात्री उभे राहिल्यास तडतड ऐकू येते, निळसर-जांभळे ठिपके लुकलुकताना दिसतात. हा खेळ तासन्‌तास चालूनही वाहिनी शाबूत राहू शकते. उरलेल्या ओल्या थराचा रोध पुरेसा असेल तर ठिणगी विझते, नसेल तर ती पुढे सरकते. ठिणगी आणि तिच्याशी एकसर जोडलेला रोध, असे या झुंजीचे गणिती प्रारूप जर्मन अभियंता ओबेनाउस यांनी 1958 मध्ये मांडले. पुढची बरीच गणिते त्यावरच उभी आहेत. फ्लॅशओव्हर झाला की ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारी कळ, उघडतो. त्यानंतर वाहिनी पुन्हा चालू करता येते खरी, पण थर ओलाच असल्याने ती पुन्हा ट्रिप होण्याची धास्ती राहते.

मळ मोजायचा तर इन्सुलेटर शुद्ध पाण्याने पुसून त्या पाण्याची विद्युतवाहकता पाहतात आणि ती दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मिठाइतकी आहे हे काढतात. न विरघळणारी मातीही वेगळी तोलावी लागते, कारण ती पाणी धरून ठेवते.

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या 60815 या दस्तऐवजात प्रदूषणाचे अतिसौम्य ते अतितीव्र असे पाच वर्ग आहेत. फेज (वीजभारित तार) ते जमीन व्होल्टेजच्या दर किलोव्होल्टला क्रीपेज, म्हणजे पृष्ठभागावरून मोजलेले अंतर, अतिसौम्य वर्गात 22 मि.मी. तर अतितीव्र वर्गात 53.7 मि.मी. धरतात. कमाल 245 केव्हीच्या प्रणालीत (हा आकडा दोन फेजमधला, फेज ते जमीन सुमारे 141 केव्ही) हेच अंतर सुमारे 3.1 मीटर आणि 7.6 मीटर होते. डिस्कमागे 300 मि.मी. क्रीपेज धरल्यास 11 डिस्कच्या जागी 26! अर्थात नुसते अंतर वाढवून भागत नाही. खालच्या बाजूला खोल कंगोरे असलेली डिस्क खारट धुक्यात उपयोगी पडते, पण वाळवंटात त्याच कंगोऱ्यांत धूळ अडकते. तिथे वाऱ्याने साफ होणारी सपाट डिस्क बरी. डीसी वाहिन्यांवर स्थिर विद्युतक्षेत्र कण ओढून घेते, त्यामुळे मळही जास्त बसतो.

सिलिकॉन रबराने वेगळा मार्ग दिला. त्यावर पाणी पसरत नाही, थेंबाथेंबांनी राहते. विशेष म्हणजे रबरातले हलके रेणू वरच्या मळात झिरपतात आणि मळही पाणी झटकू लागतो. दीर्घकाळ ओल व ठिणग्या सोसल्यावर हा गुण हरपतो. विश्रांती मिळाली की बहुधा परततो. ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराला मळापर्यंत हा गुण पोहोचवणे जमत नाही. जुन्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर सिलिकॉनचा लेप देतात किंवा ग्रीस फासतात. ग्रीस मात्र वेळोवेळी काढून नवे लावावे लागते.

चालू वाहिनीवर धुण्याचाही उपाय आहे. त्यासाठी कमी वाहकतेचे पाणी लागते आणि उभा इन्सुलेटर खालून वर धुवावा लागतो. वरून सुरुवात केली तर ओघळणारे मळके पाणी खालच्या न धुतलेल्या भागाला भिजवते आणि धुतानाच फ्लॅशओव्हर होऊ शकतो.