उपास धरलेला अजगर आणि अन्न तुटलेला अजगर

थंडी पडू लागली, की जळगाव-भुसावळकडच्या ज्या मोजक्या घरांत बॉल पायथन जातीचे अजगर पाळलेले आहेत, त्या घरांतून दरवर्षी एकच तक्रार येते: "महिना व्हयना, काहीच खात नही." हे वाक्य दोन अगदी निराळ्या जनावरांबद्दल तितक्याच खरेपणाने म्हणता येते. एक अजगर ठणठणीत असतो आणि ऋतूप्रमाणे उपासाला बसलेला असतो. दुसऱ्याचे, आपण आजारी माणसाबद्दल म्हणतो तसे, अन्न तुटलेले असते. पेटीच्या काचेतून पाहताना दोघे सारखेच दिसतात. दोघेही वेटोळे करून कोपऱ्यात पडलेले असतात आणि चिमट्यात धरलेल्या उंदराकडे पाहून तोंड फिरवतात. पहिल्याला आजारी समजून जबरदस्तीने खाऊ घातले, तर धडधाकट प्राणी बिघडतो, आणि दुसऱ्याला उपासाला बसलेला समजून तसेच सोडून दिले, तर तो दगावतो.

पुढचे सारे विवेचन आफ्रिकेतून आलेल्या बॉल पायथनबद्दल आहे. सातपुड्याच्या रांगेत आणि तापीकाठच्या केळीच्या बागांत अधूनमधून निघतो, तो भारतीय अजगर निराळा. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला घरात ठेवणे हा किमान तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. त्यामुळे त्याला किती दिवसांनी खाऊ घालावे हा प्रश्नच कोणाला पडता कामा नये. वन विभागाला किंवा सर्पमित्राला कळवले, की आपले काम झाले. (शेतात गोल डागांचा जाडसर साप दिसताच त्याला अजगराचे पिल्लू म्हणून हाताळायला जाणारे लोक अजूनही आहेत. तो बहुतेक वेळा घोणस असतो.) बॉल पायथन परदेशी असला, तरी त्याचीही नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे, हे ज्यांनी अजून मनावर घेतलेले नाही त्यांनी घ्यावे.

अजगराच्या उपासाचा अर्थ कळायला त्याच्या पोटाची रीत आधी समजून घ्यावी लागते. आपले पोट रोज दोनदा-तीनदा चालणाऱ्या गिरणीसारखे असते. अजगराची गिरणी मात्र शिकार गिळल्यावरच सुरू होते आणि दळण संपले, की बंद होते. नुसती बंदच होत नाही, तर तिचे भागही आवरून ठेवले जातात. बर्मी अजगरावर झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की मोठे भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचे वजन जवळपास दुप्पट होते आणि चयापचयाचा वेग अनेक पटींनी वाढतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निष्कर्षाप्रमाणे, हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. पचन संपले, की हे सगळे पुन्हा आकसते. दोन जेवणांच्या मधल्या काळात या प्राण्याचा खर्च अगदी थोडा असतो, आणि म्हणूनच त्याला आठवडेच काय, महिनेही न खाता काढता येतात. भारतीय अजगराची मादी अंडी घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते, आणि या काळात सहसा काहीच खात नाही. उपास हा या कुळाच्या जगण्याचाच भाग आहे.

आता नेहमीचे वेळापत्रक पाहू. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, त्याच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के वजनाचे भक्ष्य पुरते. वर्षाच्या आसपासच्या अजगराला सात ते दहा दिवसांनी, त्याहून मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी आणि पूर्ण वाढलेल्याला दोन ते चार आठवड्यांनी एकदा खाणे दिले, तर चालते. वाढलेल्याला भक्ष्यही वजनाच्या पाच-सात टक्क्यांपलीकडे लागत नाही. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी, असा एक ठोकताळा आहे आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. दर रविवारी एक उंदीर, हा जो सरसकट नियम एकाचे ऐकून दुसरा पाळतो, तो पिल्लाच्या बाबतीत ठीक आहे. चार वर्षांच्या नराला मात्र त्याने चरबी चढते. कातडी दुमडते, दोन खवल्यांच्या मधली त्वचा दिसू लागते, शेपटीच्या वरचा भाग फुगतो. अशा लठ्ठ अजगराने आपणहून दोन महिने तोंड बंद ठेवले, तर मालकाने घाबरण्याऐवजी आपली वही तपासावी. आधीच्या वर्षभरात त्याला किती घातले, याचे उत्तर बहुतेकदा तिथेच असते.

खऱ्या उपासाला काहीतरी निमित्त असते. कात टाकण्याआधी डोळे निळसर-दुधाळ होतात, अंगाचा रंग मळकट दिसतो, आणि आठवडा-दोन आठवडे साप खात नाही. कात उतरली, की दोन-चार दिवसांत भूक परत येते. गाभण मादी खात नाही. सर्वांत लांब उपास वयात आलेल्या नराचा असतो, आणि तो नेमका आपल्याकडे शेताशेतांत भरीत-पुरीच्या पंगती उठतात त्याच दिवसांत येतो: दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या, की त्याचे लक्ष भक्ष्यावरून मादीकडे जाते, मग मादी शंभर कोसांत नसली तरी. हा उपास दोन-तीन महिने सहज चालतो. निरोगी बॉल पायथनने सहा महिने तोंड न उघडल्याचीही उदाहरणे आहेत. या काळात तो रात्री पेटीत फिरतो, उचलला तर हाताला घट्ट विळखा घालतो, जीभ भरभर बाहेर काढतो, पाणी पितो. त्याचे डोळे स्वच्छ असतात आणि श्वासाचा आवाज येत नाही.

अन्न तुटलेल्या अजगराला असे निमित्त सापडत नाही, आणि न खाणे हे त्याचे एकटे लक्षण क्वचितच असते. नाकपुडीशी किंवा ओठाच्या कडेला बुडबुडे दिसणे, तोंड किंचित उघडे ठेवून मान वर धरणे, श्वासाबरोबर शिटीसारखा बारीक आवाज येणे, ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची खूण आहे. हिरड्या लाल होणे, तोंडात पिवळसर चिकट थर दिसणे, ही तोंड सडण्याची सुरुवात असते. गिळलेले भक्ष्य अर्धवट पचून बाहेर पडले असेल, विष्ठा पातळ आणि उग्र वासाची असेल, मान आकाशाकडे वळून तशीच राहत असेल, उलटा ठेवल्यावर साप सुलटा होत नसेल, तर तो दिवस वाट पाहण्याचा नाही. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य गाठायचा. खवल्यांखाली काळे ठिपके हलताना दिसले, तर त्या गोचिडांसारख्या माइट आहेत, आणि त्या रक्त पीत असताना सापाला भूक लागणार नाही.

एवढे सांगूनही अडचण राहतेच, कारण आजाराच्या सुरुवातीला यांतले काहीच दिसत नाही. तेव्हा निवाडा करणारे साधन एकच आहे, आणि ते बहुतेक स्वयंपाकघरांत असते: ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. झाकणाला भोके पाडलेला प्लॅस्टिकचा डबा काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, साप आत सोडायचा, झाकण लावायचे, तो स्थिर झाला की आकडा वहीत लिहायचा. दर आठवड्याला, एकाच वारी, शक्यतो विष्ठा झाल्यानंतर. माझ्या वहीतल्या दोन नोंदी शेजारी ठेवतो. एक वाढलेला नर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १४२० ग्रॅम होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तीन महिने एकही घास न घेता, १३७० ग्रॅम. घट ५० ग्रॅम, म्हणजे साडेतीन टक्के. दुसरी नोंद दोन वर्षांच्या मादीची: ६४० ग्रॅमवरून पाच आठवड्यांत ५६० ग्रॅम, म्हणजे साडेबारा टक्के. पहिल्या घरी सगळे धास्तावले होते, कारण तीन महिने हा आकडा ऐकायलाच भयंकर वाटतो. दुसऱ्या घरी कोणालाच काळजी नव्हती, कारण पाच आठवडे काय, साप तर राहतातच उपाशी. वाढलेल्या सापाचे वजन दहा टक्क्यांनी उतरले, तर तपासणी करून घ्यावी, हा व्यवहारातला दंडक मला योग्य वाटतो. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतकीही वाट पाहू नये, कारण त्याच्याजवळ साठाच नसतो.

काटा नसेल, तर पाठीवरून हात फिरवावा. निरोगी अजगराच्या शरीराचा छेद मऊ कडांच्या त्रिकोणासारखा लागतो. कणा धारेसारखा हाताला टोचू लागला आणि दोन्ही बाजू आत गेल्या असतील, तर तो उपास राहिलेला नाही.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक अवस्था असते, आणि खानदेशात माझ्या मते बहुतेक तक्रारी तिच्यातूनच येतात. सापाने उपास धरलेला नसतो आणि तो आजारीही नसतो. त्याची पेटी चुकलेली असते. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश तापमान लागते, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास लागते, आणि दोन्ही टोकांना अंग चोरून बसता येईल अशी अंधारी जागा लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधीकधी दहा अंशांच्या खाली उतरतो. हीट पॅड आहे म्हणून मालक निर्धास्त असतो. पण रात्री वीज गेली, की पेटी पहाटेपर्यंत खोलीइतकीच गार होते. त्याच संध्याकाळी खाणे दिलेले असेल, तर पोटातले भक्ष्य पचण्याऐवजी सडू लागते आणि दोन-तीन दिवसांनी साप ते बाहेर टाकतो. याला लोक आजार समजतात. काही दिवसांनी तो खराच आजार होतो, कारण गारठलेल्या सापाला श्वसनाचा संसर्ग चटकन होतो. म्हणून थंडीत ज्या दिवशी रात्री भारनियमन ठरलेले असेल, त्या दिवशी खाणे देऊच नये.

उन्हाळ्यात गणित उलटे होते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतली पेटी ४० च्या जवळ जाते, आणि ३८ च्या पुढचे तापमान सापाला सोसवत नाही. त्याला गार टोकच उरत नाही. मग तो दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसतो आणि खात नाही. कोरड्या उष्म्याने कातही तुकड्यातुकड्यांत निघते. कूलरची हवा खोलीत खेळू द्यावी, पण थेट पेटीवर सोडू नये. तळाचा भुसा सतत ओला राहिला, तर पोटाकडचे खवले सडतात. हीट पॅड थर्मोस्टॅटशिवाय लावलेला असेल, तर दोन्ही ऋतूंत तो धोक्याचाच.

तेव्हा न खाणाऱ्या सापापुढे पहिले काम तापमापक पाहण्याचे. तापमान आणि आर्द्रता ठीक केल्यावर आठ-दहा दिवस त्याला हात लावू नये, घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवायलाही काढू नये. मग संध्याकाळी, अंधार पडल्यावर, गोठवलेला उंदीर पिशवीत घालून कोमट पाण्यात पूर्ण वितळवून, अंगाला ऊब येईल इतका तापवून, लांब चिमट्याने पुढे धरावा. घेतला नाही, तर रात्रभर पेटीत ठेवू नये. काढून टाकावा आणि पुढचा प्रयत्न दहा-बारा दिवसांनी करावा. रोज उंदीर पुढे केल्याने भूक वाढत नाही, उलट सापाला त्या चिमट्याचाच धसका बसतो. जिवंत उंदीर सोडून पाहू, हा सल्ला हमखास मिळतो आणि तो वाईट आहे: न खाणाऱ्या सापाजवळ रात्रभर राहिलेला उंदीर सापालाच कुरतडतो, आणि पाठीवरच्या त्या जखमा भरायला महिने लागतात. तोंड उघडून घास कोंबणे हे तर पशुवैद्याशिवाय कोणी करू नये.

उपास सुटतो तो बहुधा न सांगता, फाल्गुनात ऊन तापू लागले की एखाद्या रात्री. त्या दिवशी मालकाला फार आनंद होतो आणि तो चार दिवसांनी लगेच दुसरा, मोठा उंदीर आणतो. इतके दिवस आवरून ठेवलेले आतडे पुन्हा कामाला लागायला वेळ घेते. पहिले भक्ष्य नेहमीपेक्षा लहान असावे, त्यानंतर ४८ तास सापाला उचलू नये, आणि दुसरे खाणे दहा दिवसांनी द्यावे. पहिले भक्ष्य बाहेर पडलेच, तर किमान दोन आठवडे पोटाला विसावा द्यावा, पाणी ताजे ठेवावे, आणि मग पहिल्याच्या निम्म्या वजनाच्या भक्ष्याने पुन्हा सुरुवात करावी.