शार्पनर, कूलर आणि पिवळी हळद

भाचा सांगलीत हळद पावडरीच्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. परदेशी जाणाऱ्या पाकिटावर दोन ओळी इंग्रजी मजकूर हवा होता. पोरगा पदवीधर आहे एवढ्या भांडवलावर मालकांनी ते काम त्याच्या गळ्यात घातलं आणि त्यानं माझ्या. त्याचं वाक्य होतं, ‘ड्यू टू कुरकुमिन, टर्मरिक बिकम्स यलो.’ (कुरकुमिन म्हणजे हळदीतलं रंगद्रव्य.) व्याकरणात खोट नाही. पण वाचणाऱ्याला वाटेल, हळद आधी पांढरी होती आणि मग एके दिवशी पिवळी झाली. खाली ‘कुरकुमिनमुळे हळद पिवळी होते’ हे मराठी वाक्य लख्ख दिसत होतं.

मी खोडून ‘कुरकुमिन गिव्ज टर्मरिक इट्स यलो कलर’ असं लिहिलं. त्यावर तो म्हणाला, “मामा, एवढं लांबण कशाला? लाल करणं म्हणजे रेडन, पांढरं करणं व्हाइटन, काळं करणं ब्लॅकन. मग पिवळं करणं यलोअन का नाही?”

रेडन आहे, यलोअन नाही. गेली कित्येक वर्षं दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

आधी वाक्याचं थोडक्यात. आपल्याकडे गुण बहुधा ‘येतो’. हळदीला रंग येतो, आमटीला चव येते, पोराला अक्कल येते (आली तर). ज्याच्यामुळे येतो तो बिचारा ‘मुळे’ किंवा ‘ने’ लावून कडेला उभा असतो. इंग्रजी त्यालाच ओढून कर्त्याच्या जागी बसवते. कुरकुमिन रंग ‘देतं’, हळदीला पिवळं ‘बनवतं’. उत्तरावरच भर द्यायचा असेल तर ‘व्हॉट मेक्स टर्मरिक यलो इज कुरकुमिन’ अशी मांडणी. त्यात हळद पिवळी असल्याचं आधीच कबूल धरलेलं असतं आणि नवी बातमी शेवटाला येते. मला सगळ्यात आवडतं ते ‘टर्मरिक ओज इट्स कलर टू कुरकुमिन’. शब्दशः बघितलं तर हळद रंगापोटी कुरकुमिनचं देणं लागते! मार्केट यार्डातल्या अडत्याला हे वाक्य लगेच कळेल.

कारणाला कर्ता केलं की ते एकदम कर्तबगार वाटायला लागतं, आणि जाहिरातवाले तेच हेरतात. ‘कुरकुमिन मेक्स यू स्ट्रॉंग’ म्हटलं की कसं, किती, कोणाला, हे विचारायचं राहून जातं. हळदीत कुरकुमिन वाणानुसार साधारण शेकडा दोन ते पाच भाग असतं, आणि पोटात गेलेल्यातलं रक्तापर्यंत फारच थोडं पोचतं. त्याचं निर्विवाद काम म्हणजे रंग. त्याच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. ती जांभळा-निळा प्रकाश शोषते आणि उरलेला आपल्याला पिवळा दिसतो.

आता भाच्याचा प्रश्न.

उत्तर शोधायला घरात नजर फिरवा. दप्तरात शार्पनर असतो, टेबलावर खाडाखोड झाकायला व्हाइटनर, बाथरूममध्ये फ्रेशनर, कपड्यांना सॉफ्टनर, केसांना स्ट्रेटनर. या सगळ्यांत मधे एक ‘न’ आहे. शार्प-न-र, व्हाइट-न-र. आता दुसरी रांग बघा: कूलर, ड्रायर, क्लीनर, रंगात घालायचा थिनर. कूलनर कोणी म्हणत नाही, ड्रायनर नाही, क्लीननर तर नाहीच. कामं सारखीच आहेत. एक टोकदार करतो, दुसरा गार करतो. मग गुण देणारा तो ‘न’ एकाला मिळाला आणि दुसऱ्याला का नाही?

शब्दांच्या अर्थामध्ये शोधून काही हाती लागत नाही. उत्तर मूळ विशेषणाच्या शेवटच्या आवाजात आहे, आणि ते समजायला पहिलीतली वर्णमाला पुरते. आपल्या वर्णमालेत क, च, ट, त, प असे पाच वर्ग. प्रत्येक वर्गातल्या पहिल्या चार वर्णांत श्वास तोंडात पुरता अडतो आणि मग सुटतो. पाचवा वर्ण अनुनासिक, त्यात हवा नाकातून वाहते. पुढे य, र, ल, व. त्यांत हवा जेमतेम अडते. मग श, ष, स. त्यांत ती घासत बाहेर पडते. ढोबळ कसोटी हवी असेल तर एखादी चाल गुणगुणून बघा. ‘म्म्म’, ‘न्न्न’, ‘ल्ल्ल’वर चाल गाता येते. ‘क्’वर येत नाही, ‘स्स्स’वर तर नुसता कुकरची वाफ सुटल्याचा आवाज.

नियम असा: विशेषण एका अक्षराचं, म्हणजे एका झटक्यात उच्चारलं जाणारं हवं, आणि त्याचा शेवट अडणाऱ्या किंवा घासणाऱ्या व्यंजनाने व्हायला हवा. तरच हा ‘न’ चिकटतो. रेड (ड), व्हाइट (ट), ब्लॅक (क), शार्प (प), फ्रेश (श), लूज (इंग्रजीत उच्चार ‘लूस’, म्हणून स), स्टिफ (फ) हे सगळे पास. कूल (ल), क्लीन, थिन, ग्रीन, ब्राऊन (न), वॉर्म (म), आणि स्वरान्त ड्राय, स्लो, ब्लू, ग्रे हे नापास. नापास झालेल्यांतली बरीच विशेषणं आहेत तशीच क्रियापद म्हणून वापरतात. म्हणून पाककृतीत कांदा ‘ब्राऊन’ करायला सांगतात, ‘ब्राऊनन’ नव्हे. यलो तर दोन्ही विषयांत नापास. दोन अक्षरं, आणि शेवटी स्वर. मॉरिस हॅले या भाषावैज्ञानिकांनी १९७३ सालच्या एका लेखात या प्रत्ययाची ही अट मांडली होती.

असं का असावं? या ‘-en’ प्रत्ययातला ‘ए’ बोलताना जवळजवळ गळून पडतो आणि एकटा ‘न्’ अख्खं अक्षर पेलतो: रेड्-न्, ब्लॅक्-न्. त्याच्या आधी श्वास अडला असेल तर हा ‘न्’ उंचवट्यासारखा वेगळा ऐकू येतो. आधीच गुणगुणता येणारा आवाज असेल तर उंचवटा दिसणार कुठे? ‘ग्रीन्-न्’ म्हणून बघा, दोन ‘न’ एकमेकांत विरघळतात. मला हे स्पष्टीकरण पटतं.

खरी मजा पुढे आहे. लाँगच्या शेवटी ङ, म्हणजे अनुनासिक. नापास. पण लांब करणं ही तर रोजची गरज. मग इंग्रजीने मागच्या दाराने प्रवेश मिळवला. लेंग्थ हे नाम घेतलं, त्याच्या शेवटी घासणारा ‘थ’ आहे, आणि लेंग्थन तयार! स्ट्राँगचं स्ट्रेंग्थन तसंच. हाय स्वरान्त, म्हणून हाइट घेऊन हाइटन. एवढी धडपड फक्त शेवटच्या आवाजासाठी.

परवानगी असली म्हणजे सगळे आत जातात असंही नाही. कोल्डच्या शेवटी ड आहे, तरी कोल्डन नाही. वेटचं वेटन नाही. आपल्या ‘-आवणे’चंही तेच. रुंदावणे, उंचावणे, मंदावणे आहेत, मऊचं काही नाही. पण आपला प्रत्यय ‘आ’ या दणकट स्वराने सुरू होतो, त्याला आधीच्या व्यंजनाचं सोयरसुतक नाही. स्थिर, सैल, दूर यांना शेवटच्या र-लसकट घेऊन तो स्थिरावतो, सैलावतो, दुरावतो.

इंग्रजी प्रत्ययाचं कुलूप आपल्या वर्णमालेच्या किल्लीने उघडलं की काहींची छाती फुगते आणि ‘संगणकाला संस्कृतच योग्य असं नासाने सांगितलंय’ हा निरोप पुन्हा फिरायला लागतो. तो नासाचा निष्कर्ष नव्हता, १९८५ साली एका संशोधकाने लिहिलेला लेख होता. उच्चाराच्या जागेनुसार वर्ण मांडणाऱ्या जुन्या वैयाकरणांचं काम इतकं चोख आहे की त्याला असल्या टेकूची गरज नाही.

भाच्याला मी म्हटलं, हळदीत चुना घाल. लाल होते ना? मग ‘लाइम रेडन्स टर्मरिक’ असं बिनधास्त लिही. ‘कुरकुमिन यलोज टर्मरिक’ मात्र नको. यलो क्रियापद म्हणून चालतं, पण जुन्या कागदासाठी, दातांसाठी. गिऱ्हाइकाला वाटेल माल डागाळलाय.

मालकांनी शेवटी आमची दोन्ही वाक्यं बाजूला ठेवून ‘गोल्डन टर्मरिक’ छापून टाकलं. भाचा पाकीट घेऊन धावत आला. “आला की ओ तुमचा न!”

तो न वेगळा, बाबा. तो ‘अमक्याचं बनलेलं’ सांगणारा. लाकडाचं वुडन, लोकरीचं वुलन. वुलनमध्ये बघ, ‘ल’ला सरळ चिकटलाय, कसली अट नाही.

“म्हणजे सोन्याची हळद?”

छापलंय तर तसंच.